सव्वातीन आणि पावणेअकरा

तिला सगळे तोफबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि कुणी म्हटलंच असतं तर हे नाव का पडलं ते त्याला जागच्या जागी कळलं असतं. ओल्या लादीवरून बूट वाजवत जाणारा माणूस दिसला की तो कारकून आहे की साहेब, हे ती बघत नसे. "डोळे घरी ठेवून आलात का? भिंतीकडून जा!" असं ती पोछा हातात धरून ओरडायची, आणि माणूस खरंच भिंतीला चिकटून जायचा. अर्धा चहा खिडकीत ठेवून जाणाऱ्यांवर तिचा राग होता, लिफ्टमध्ये थुंकणाऱ्यांवर होता, दार लाथेनं ढकलणाऱ्यांवर होता. घरी नवऱ्यावर होता, कारण तो कधी रागवतच नसे. राग तिला शोभून दिसतो असं काहीजण म्हणायचे; ते सगळे तिच्यापासून लांब राहणारे होते.

एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसातले तिसरा आणि चौथा हे दोन मजले तिच्या ताब्यात होते. ताब्यात म्हणजे साफसफाईपुरते. ऑफिस उघडायच्या आत दोन्ही मजले झाडून, पुसून, कोरडे करून द्यायचे. तोफबाई धरून बायका सहा, आणि तीच त्यांची मुकादम. लादी ऑफिसची, पण पगार ठेकेदाराचा. या ठेकेदाराचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या वतीनं सुपरवायझर यायचा. तो बोलता बोलता खिशातून कंगवा काढून भांग पाडायचा, विशेषतः खोटं बोलायचं असेल तेव्हा, म्हणून बायकांनी त्याचं नावच कंगवा ठेवलं होतं. तोंडावर मात्र साहेब.

प्रत्येकीचा भाग ठरलेला होता. त्याला त्या पट्टी म्हणत. एका बाईमागे नऊ हजार चौरस फुटांची पट्टी, लादी, केबिनी, जिना सगळं धरून. हा आकडा कितीतरी वर्षं तसाच होता आणि बायकांच्या पाठीत तो मुरला होता. कुठल्या खांबापाशी कंबर दुखायला लागते आणि कुठल्या दारापाशी संपत आलं म्हणून जरा बरं वाटतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

सहाजणींत सगळ्यात जुनी होती ती तोफबाईची थोरली जाऊ. नवरा गेलेली, गुडघा गेलेला, जीभ मात्र शाबूत. तोफबाईला या कामावर तिनंच आणलं होतं. नवऱ्याचं गोदामातलं काम सुटलं आणि घरात चूल कशी पेटायची हा प्रश्न पडला, तेव्हा थोरली एका पहाटे दारात येऊन म्हणाली होती, "रडून झालं असेल तर चल." पहिल्या दिवशी तोफबाईनं पोछा असा पिळला की हाताला फोड आले. थोरलीनं तिचं मनगट धरून दाखवलं होतं, "खांद्यानं नको पिळूस. मनगट वळव. खांदा म्हातारपणासाठी ठेव." पोरं लहान असताना ती संध्याकाळची थोरलीच्याच खोलीत जेवायची. दोघींच्या खोल्यांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीतून एकीचं भांडण दुसरीला आपसूक ऐकू यायचं.

थोरलीला फूटही कळत नसत आणि मीटरही. ती बादल्यांत मोजायची. बादलीतलं पाणी काळं होईपर्यंत जेवढी लादी पुसून होते, तेवढी एक बादली. तिची पट्टी अकरा बादल्यांची. चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडमच्या केबिनसमोरचा सगळा भाग, पाहुण्यांच्या सोफ्यांपासून मीटिंगच्या हॉलपर्यंत. त्या पट्टीचा तिला फार अभिमान होता. मुकादम निवडायची वेळ आली तेव्हा मान खरं तर तिचाच, पण लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती, म्हणून मुकादमी तोफबाईकडे गेली. त्या दिवसापासून थोरली पोछा जरा जास्तच जोरात पिळायला लागली.

एका शनिवारी कंगव्यानं तोफबाईला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. फिनेलचे कॅन, तीन पायांच्या खुर्च्या, झाडूंचे गठ्ठे आणि त्यांच्यामध्ये कसंबसं बसवलेलं त्याचं टेबल. त्यानं तिला बसायला सांगितलं, तिथंच तिला शंका आली.

"नवा करार आलाय," तो म्हणाला. "आता सगळीकडे मीटरच चालतात. फूट बंद. आधी बाईमागे नऊ हजार चौरस फूट होते ना? आता बाईमागे फक्त एक हजार चौरस मीटर."

"यात गोम कुठाय?"

"गोम कसली, बाई?"

"संडास वाढवलेत?"

"नाही."

"काचा?"

"नाही."

"पगार कापलाय?"

"एक पैसा नाही. वाचा की. तुम्हाला वाचता येतं."

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. ती काही डोळे झाकून सही करणाऱ्यातली नव्हती. हजार हा आकडा नऊ हजारांपेक्षा लहान दिसतो म्हणून हुरळून जाण्याइतकी भोळीही नव्हती. मीटर फुटापेक्षा मोठा असतो एवढं तिला ठाऊक होतं. तिनं सरळ विचारलं, "एक मीटर म्हणजे किती फूट?"

"तीन पूर्णांक अठ्ठावीस," तो म्हणाला. आणि स्वतःचा मोबाइल कॅल्क्युलेटर उघडून तिच्यापुढे सरकवला.

तिनं हजाराला तीन पूर्णांक अठ्ठावीसनं गुणलं. तीन हजार दोनशे ऐंशी. तिनं पुसून पुन्हा गुणलं. तेच.

"म्हणजे सव्वातीन हजार?" ती म्हणाली. "नऊ हजारांवरून सव्वातीन हजार?"

कंगव्यानं वाकून मोबाइलचा पडदा पाहिला. नीट पाहिला. मग खिशातून कंगवा काढला, भांग पाडला आणि म्हणाला, "गणित पक्कं आहे हो तुमचं."

तिनं सहाजणींच्या वतीनं सही केली.

त्या दिवशी तोफबाईचा आवाज इतका मऊ होता की बायकांना वाटलं हिला ताप आलाय. तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. काम तिसऱ्या हिश्शावर आलं, असं तिनं जाहीर केलं. पुढचा हिशेबही तिनं तयारच ठेवला होता: एवढ्या लहान पट्ट्या झाल्या तर दोन मजल्यांना सहा बायका पुरणार नाहीत, आणखी घ्याव्या लागतील. भावजयीला लावून घेते, शेजारणीच्या सुनेला लावून घेते, अशी वचनंही देऊन झाली. बायका खूश होत्या. एकीनं तर आता सकाळी पोरांचे डबे स्वतः भरून येईन म्हणून सांगून टाकलं. थोरली तेवढी चहा थंड करत बसली होती.

"बादल्या किती?" तिनं विचारलं.

"काय?"

"हजार मीटरच्या बादल्या किती होतात?"

"जाऊबाई, करार झालाय, कागदावर!" तोफबाई म्हणाली. "जग कुठल्या कुठे गेलं आणि तुमच्या बादल्या काही सुटत नाहीत. तुमच्या डोक्यात बादलीभर पाणीच आहे की काय?"

बायका हसल्या. बोलणं सगळ्यांसमोर झालं होतं, आणि हसणंही. थोरलीनं कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

सोमवारी पहाटे बायका आल्या तेव्हा लादीवर लाल चिकटपट्ट्या मारलेल्या होत्या. नव्या हद्दी. आपली पट्टी आता कुठल्या खांबापर्यंतच आहे हे बघायला एकजण हौसेनं पुढे गेली. जुना खांब गेला, पाण्याचा नळ गेला, कोपरा वळला, तरी लाल पट्टी येईना. ती आली ती शेजारणीच्या जुन्या भागात बरीच आत. दुसरीचंही तसंच, तिसरीचंही. दोन्ही मजल्यांवर पट्ट्या मोजल्या तर पाचच भरल्या. थोरली लिफ्टसमोर बादली हातात घेऊन उभी होती. ती बादली खाली ठेवायला तिच्या नावाची जागाच नव्हती. मोठ्या मॅडमच्या केबिनसमोरचा तिचा भाग दोघींच्यात वाटून टाकला होता.

तोफबाई जिन्यावरून खाली गेली ती लिफ्टची वाट न बघता.

"आखताना चूक झालीय," ती कंगव्याला म्हणाली. तेव्हासुद्धा तिला चूकच वाटत होती. "सहावी पट्टी राहिलीय."

"चूक नाही. दोन्ही मजले मिळून पाच हजार मीटर. बाईमागे हजार. पाच बायका." त्यानं पाच बोटं दाखवली, तिला मोजता येत नसल्यासारखी. "एक बाई जास्त होते. मुकादम तुम्ही आहात, नाव तुम्हीच द्या. शनिवारपर्यंत. आणि उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका, नाव कुणाचं द्यायचं ते दिसतंच आहे. त्यांना गुडघ्यानं चालवत नाही."

"पण सव्वातीन हजार…"

"कराराखाली सही तुमची आहे, बाई."

ती वर आली. तिसऱ्या मजल्यावर ऑफिसचा सुतार एका टेबलाचा खण बसवत होता. तिनं त्याच्या हातातली मीटरपट्टी न विचारता ओढून घेतली. जुन्या बोळातल्या फरश्या बरोबर फूटभर लांब आणि फूटभर रुंद होत्या. इतकी वर्षं त्या पुसूनही त्यांच्याकडे मोजमाप म्हणून तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसली. खडूनं मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद चौकोन आखला. आणि आत किती फरश्या आल्या ते बोटानं मोजायला लागली.

तीन येणार होत्या. सव्वातीन. पण चौकोनाच्या पोटात नऊ फरश्या अख्ख्याच बसल्या होत्या. तीन अशा आणि तीन तशा. शिवाय दोन बाजूंना कापले गेलेले तुकडे. ते मनातल्या मनात जोडले तर आणखी पावणेदोन. म्हणजे पावणेअकरा. एका चौरस मीटरला पावणेअकरा चौरस फूट. हजाराला पावणेअकरा हजार.

मीटर लांबीलाही सव्वातीन पट मोठा असतो आणि रुंदीलाही. तिनं एकाच अंगानं गुणलं होतं. चौरस हा शब्द तिनं वाचला होता, दोनदा वाचला होता, आणि नेमका तोच सोडून दिला होता. काम तिसऱ्या हिश्शावर आलं नव्हतं, पावणेदोन हजारांनी वाढलं होतं. आणि पाचजणींच्या अंगावर वाढवलेले पावणेदोन-पावणेदोन हजार एकत्र केले की जवळजवळ एका बाईची पट्टी होत होती.

चूक तिची होती, हे ती स्वतःपासून लपवणारी नव्हती. पण चूक होताना समोर एक माणूस बसलेला होता. त्यानं मोबाइल दिला, आकडा दिला, वाकून पडदा पाहिला, बाई विहिरीकडे चाललीय हे पाहिलं आणि भांग पाडला. वर म्हणाला, गणित पक्कं आहे. खोटं बोलला असता तर तिनं एक वेळ सोडून दिलं असतं, खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. आकड्यांत हा एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. तिनं विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं होतं, आणि बाकीचं तिच्याच हातानं तिच्याकडून करून घेतलं होतं. तोफबाईचे कान तापले. सुतारानं मीटरपट्टी परत मागितली नाही.

त्या संध्याकाळी घरात भांडी आपटत होती. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो त्याच्या त्या शांत आवाजात म्हणाला, "वहिनीचं वय झालंच होतं तसं. आता बसेल आरामात. दोन घास आपल्यातले खाईल."

"आपल्यातले?" तोफबाई म्हणाली. "तुम्ही काम सुटून बसला होतात तेव्हा तिनं घास मोजले होते? आणि आरामात कुठं बसेल? माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या तोंडाकडे बघत? स्वतःच्या खोलीचं भाडं स्वतः भरते म्हणून ती बाई अजून ताठ उभी आहे!"

भिंतीपलीकडे पाट सरकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं थोरली दारात आली.

"देऊन टाक माझं नाव," ती म्हणाली.

"जाऊबाई, मी काय सांगते…"

"तू काही सांगू नकोस. तुला फार कळतं. मला दया नको, आणि तुझे दोन घास त्याहून नकोत. मी एवढंच विचारलं होतं, बादल्या किती. तेवढं पाणी ओतून बघितलं असतंस तर कळलं असतं. तू चारचौघींसमोर माझं हसं केलंस. ते मी विसरणार नाही, काम राहो की जावो." आणि ती गेली. पलीकडे दार लागलं.

तोफबाईनं त्या रात्री जेवण टाकलं. तिच्या रागाला आयुष्यात पहिल्यांदाच कुठे जायचं ते समजेना. पण राग तिचा होता, तो फार वेळ स्वतःवर बसून राहणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाकीच्या चौघींना त्या खडूच्या चौकोनापाशी उभं केलं. थोरली आली नव्हती. म्हणजे ऑफिसात आली होती, पण खाली फाटकापाशी बादली घेऊन बसली होती. नाव जाईपर्यंत माझी हजेरी चुकणार नाही म्हणून. तोफबाईनं फरश्या मोजून दाखवल्या. बायकांना कळायला वेळ लागला नाही. कालच्या दिवसाची पावणेदोन हजारांची भर त्यांच्या पाठीला आधीच कळली होती.

"सही कुणी केली?" डबे स्वतः भरणार होती ती म्हणाली.

"मी."

"चहा कुणी पाजला?"

"मी पाजला! चुकले! जोडे मारायचे असतील तर आत्ताच मारून घ्या, मग ऐका," तोफबाई म्हणाली. "मी शनिवारी नाव देणार नाही. कुणाचंच नाही. आणि आजपासून लाल पट्टीकडे बघायचं नाही. जुना खांब, जुनं दार, जिथं आपले नऊ हजार फूट संपतात तिथं पोछा उचलायचा. एक फरशी इकडे नाही, एक फरशी तिकडे नाही. जाऊबाईंची पट्टी कुणी पुसायची नाही."

"मॅडमच्या दारातली?"

"तीच."

"आणि आम्हाला काढलं तर?"

"आपल्या पाचही जणींना काढलं तर पुसणार कोण? तो कंगवा?"

एकजण घाबरून रडायला लागली. तिच्यावर तोफबाई ओरडली नाही, आणि त्यामुळे बाकीच्या जास्त घाबरल्या. पण पोछे उचलले गेले.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर एक रेघ दिसायला लागली. रेघेच्या अलीकडे छतावरची ट्यूबलाइट लादीत दिसत होती. पलीकडे बुटांचे ठसे, सांडलेल्या चहाचे ओघळ, झेरॉक्सच्या खोलीतून आलेली काळी पूड. रेघ इतकी सरळ होती की आखलेली वाटावी. ती फरशीच्या सांध्यावरूनच जात होती. लोक अलीकडून चालत यायचे, रेघेपाशी थबकायचे आणि मग पलीकडे पाय टाकायचे.

कंगवा धावत आला. आधी धमक्या दिल्या. मग समजावलं. मग तोफबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्यासाठी काहीतरी बघतो."

"करारात मीटर लिहिलेत ना? मोजून घ्या," ती म्हणाली. "माझे नऊ हजार फूट तुमच्या मीटरमध्ये किती होतात ते करा. मोबाइल आहे ना? नीट गुणा. गणित पक्कं असेलच तुमचं."

तिसऱ्या दिवशी पहाटे कंगवा स्वतः पोछा घेऊन त्या पट्टीत उतरला. बायका रेघेच्या अलीकडे उभ्या राहून बघत होत्या. फाटकावरून थोरलीलाही कुणीतरी वर बोलावून आणलं होतं. त्यानं पोछा पिळला नाही, नुसता बुडवला. गढूळ पाणी सोफ्याखाली गेलं. तो ते पुसायला वाकला तेव्हा खिशातला कंगवा बादलीत पडला. त्यानं हात घालून तो काढला आणि सवयीनं डोक्याकडे नेला. बायका पोट धरून हसल्या. थोरली हसली नाही. "खांद्यानं पिळतोय," एवढंच ती म्हणाली.

आणि त्याच सकाळी मोठ्या मॅडम पाहुण्यांना घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या. रेघेपाशी त्या थांबल्या. पाहुणेही थांबले.

"हे काय आहे?"

कंगवा म्हणाला, नकाशात किरकोळ गोंधळ झालाय. तोफबाई पुढे आली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. फूट, मीटर, सव्वातीन, पावणेअकरा, मोबाइल, पडदा, गणित पक्कं आहे. खाली तिसऱ्या मजल्यावर चौकोन आखून ठेवलाय, येऊन बघा, म्हणाली. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. मॅडमनी मध्येच हात वर केला.

"मला फूट-मीटर काही सांगू नका. आधी इथं किती बायका होत्या?"

"सहा."

"मग सहा लावा. सोमवारपासून मला इथं ठसा दिसता कामा नये." आणि त्या पाहुण्यांना घेऊन केबिनमध्ये गेल्या, बुटांचे नवे ठसे उमटवत.

झालं. एवढ्यावर संपलं. खरं म्हणजे जिंकल्या होत्या बायका. पण तोफबाईचा संताप काही उतरत नव्हता. कुणीतरी तो चौकोन बघायला हवा होता. कुणीतरी त्या माणसाकडे वळून विचारायला हवं होतं, तू पाहिलंस आणि बोलला का नाहीस? कुणी विचारलं नाही. मॅडमना फरशी स्वच्छ हवी होती, न्याय वगैरे नको होता. चौकोन तिसऱ्या मजल्यावर तसाच राहिला आणि लोकांच्या पायांनी पुसट झाला.

ठेकेदार मात्र विसरला नाही. शनिवारी कंगवा नवा करार घेऊन वर आला. बाईमागे आठशे छत्तीस चौरस मीटर, म्हणजे जुने नऊ हजार फूटच, बायका सहा. आणि खाली एक ओळ: मुकादम बदलली. मुकादमी थोरलीकडे. त्यानं हे वाचून दाखवताना तोफबाईकडे पाहिलं आणि भांग पाडला. दोन जावा एकमेकींच्या झिंज्या उपटतील आणि आपण मोकळे, असा त्याचा हिशेब असावा.

"इथं अंगठा द्या," तो थोरलीला म्हणाला.

थोरलीनं अंगठा दिला नाही. "आठशे छत्तीस मीटर," ती म्हणाली. "बादल्या किती?"

"बादल्या? ते असं असतं की…"

"बादल्या किती?"

कंगव्यानं मोबाइल काढला, परत ठेवला. थोरली त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती तोफबाईकडे, आणि ती तशीच थांबून राहिली. तोफबाईचा चेहरा लाल झाला. ओठ आवळले गेले. सगळ्यांसमोर झालं होतं ते सगळ्यांसमोरच फेडायचं होतं, हे तिला कळलं.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा बादल्या, जाऊबाई. मी मोजल्यात. आधीच विचारायला हवं होतं तुम्हाला."

"माझ्या डोक्यात बादलीभरच पाणी आहे," थोरली म्हणाली. "तेवढ्यावर भागवते." आणि तिनं अंगठा दिला.

मुकादम झाल्यावर तिचा पहिला हुकूम निघाला तो लगेच. "माझी पट्टी आज तू पुसायचीस. इतक्या दिवसांची घाण तूच साठवलीस ना? तूच काढ."

तोफबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. कंगव्याला, मॅडमना, ठेकेदाराला, थोरलीला, आणि शेवटी बहुतेक स्वतःलाही. मग बादली भरून आणली. थोरली सोफ्याच्या कडेला गुडघा लांब करून बसली आणि देखरेख करू लागली. "मनगट वळव," ती दर थोड्या वेळानं म्हणायची. "किती वर्षं झाली, अजून खांद्यानंच." तोफबाई पोछा असा आपटत होती की ते उत्तरच होतं. पाणी बघता बघता काळं होत होतं. अकरावी बादली ओतली तेव्हा ऑफिस उघडायची वेळ झाली होती, आणि हद्दीवरची ती रेघ अजून दिसत होती. इतक्या दिवसांची पूड सांध्यात घट्ट बसली होती.

तोफबाई बारावी बादली भरायला उठली. थोरलीनं बादलीची कडी धरली.

"अकरा ठरल्यात," ती म्हणाली. "बारावी माझी."

"तुमचा गुडघा…"

"गुडघा माझा आहे. तू ब्रश आण."

ती बादली भरून घेऊन आली, लंगडत, अर्धं पाणी वाटेत सांडत. तोफबाईचं तोंड उघडलं होतं. सांडलेल्या पाण्यावर तिनं आजवर कुणालाच सोडलं नव्हतं. तिनं ते मिटून घेतलं आणि ब्रश उचलला. थोरली रेघेच्या पलीकडे कशीबशी खाली बसली, तोफबाई अलीकडे, आणि दोघी दोन बाजूंनी तो सांधा घासायला लागल्या.